घरी फॉर्म घेऊन आले तर? वैद्यकीय संशोधन, आपली सेहत आणि आपली मुलं

दाराशी कुणी वही, फॉर्म आणि रक्ताच्या नळ्या घेऊन उभं राहिलं की आपल्या मोहल्ल्यात साधारण दोन उत्तरं मिळतात. एक म्हणजे "नको बाबा, आम्हाला काही द्यायचं नाही." दुसरं म्हणजे "कुठं सही करू ते दाखवा." नंदनवन, हसनबाग, ताजाबाद या भागात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी ही दोन्ही उत्तरं ऐकली असतील. दोन्ही उत्तरं कागद न वाचताच दिलेली असतात. पहिल्यामुळे आपली माहिती अभ्यासात येतच नाही, दुसऱ्यामुळे आपला हक्क हातातून जातो.

नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मेयो आहे, मिहानमध्ये एम्स आहे. इथं संशोधन चालतं, त्यात सामान्य घरांतल्या बाया-माणसांना विचारलं जातं, आणि त्यातून निघालेले निष्कर्ष उद्या आपल्याच इलाजात येतात. म्हणून हे संशोधन काय असतं, विदर्भात त्यातून काय मिळालं, आपले हक्क कोणते आणि आपल्या मुलांना त्यात जायचं असेल तर वाट कुठून आहे, हे एकदा नीट समजून घेऊया.

संशोधन म्हणजे नेमकं काय

घरोघरी येणारी सगळी माणसं संशोधन करत नसतात. तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात.

पहिली, सरकारी आरोग्यसेवा. बाळाची नेहमीची लस, आशाताईची भेट, शाळेतली जंताची गोळी. हा प्रयोग नाही. ही औषधं आधीच तपासून झालेली असतात.

दुसरी, सर्वेक्षण किंवा निरीक्षणाचा अभ्यास. यात प्रश्न विचारतात, वजन-उंची घेतात, कधी रक्त तपासतात, पण नवीन औषध देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हे याचं उदाहरण. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी असल्याचं दिसलं. हा आकडा कळला कारण हजारो घरांनी बोट टोचू दिलं.

तिसरी, चाचणी, म्हणजे ट्रायल. यात लोकांचे दोन गट करतात. एका गटाला नवीन इलाज, दुसऱ्याला जुना इलाज किंवा औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, डॉक्टरच्या मर्जीनं नाही. दोन गट तुलनेला नसतील तर माणूस औषधानं बरा झाला की आपोआप, हे सांगताच येत नाही.

ही तुलनेची कल्पना आपल्याला परकी नाही. अबू बक्र अल-राझी यांनी हजार वर्षांपूर्वी डोक्याच्या एका गंभीर आजारात काही रोग्यांचं रक्त काढलं आणि काहींचं मुद्दाम काढलं नाही, फरक पाहण्यासाठी. इब्न सीना यांनी 'अल-कानून' या ग्रंथात औषध पारखण्याचे नियम घालून दिले. त्यांच्या काळात आजच्यासारखी सहमतीची पद्धत नव्हती, ती नंतर आली. पण "तपासल्याशिवाय मानू नका" ही शिस्त आपल्या वारशात आहे.

विदर्भानं जगाला काय दिलं

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं केलेले दोन अभ्यास जगभर शिकवले जातात. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा पहिला मोठा अभ्यास आला. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक संसर्गाचा कुठला ना कुठला त्रास निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के होत्या. बाई बोलत नाही म्हणजे तिला त्रास नाही, हा समज त्या अभ्यासानं मोडला. आपल्या घरांतही अम्मी, खाला, दादी "अंगावर" किती काढतात हे आपल्याला ठाऊक आहे.

दुसरा अभ्यास १९९९ चा. ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. वजन करणं, बाळ उबदार ठेवणं, जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडली तर इंजेक्शन देणं. तुलनेसाठी ४७ गावं ठेवली. तिसऱ्या वर्षी, या गावांत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. पुढे २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात. आपल्या गल्लीत आशाताई बाळाचं वजन करायला येते, तिच्यामागे गडचिरोलीचा हा अभ्यास आहे.

नागपूर जिल्हाही मागे नाही. पहिलटकरणींना कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन दिली तर बाळ वेळेआधी जन्मण्याचं प्रमाण घटतं का, हे पाहायला सहा देशांत एक चाचणी झाली. भारतातल्या दोन केंद्रांपैकी एक नागपूर, दुसरं बेळगाव. एकूण ११,९७६ बायका सामील झाल्या. २०२० साली आलेला निकाल असा: गोळी घेणाऱ्यांत ११.६ टक्के, न घेणाऱ्यांत १३.१ टक्के बाळंतपणं वेळेआधी झाली. फरक लहान दिसतो, पण हजार बायकांमागे साधारण पंधरा बाळंतपणांचा आहे.

नंतरची चाचणी बाळंतपणाच्या कळांमध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिनचा एकच डोस देण्याची. सात देश, २९,२७८ बायका, त्यात पुन्हा नागपूर. २०२३ चा निकाल: आईला गंभीर जंतुसंसर्ग किंवा मृत्यू हे २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. बाळांना मात्र फायदा दिसला नाही. चांगलं संशोधन असंच असतं, जे जमलं तेही सांगतं आणि जे जमलं नाही तेही. एक गोष्ट इथं ठासून सांगतो. हे वाचून कुणीही मेडिकलमधून गोळी आणून गरोदर सुनेला देऊ नये. कुणाला द्यायची, केव्हा आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील.

सिकलसेल आणि निकाहाआधीची तपासणी

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीतली. मध्य भारतातली नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापली. तेव्हापासून नागपूरच्या मेडिकलनं या आजारावर सातत्यानं काम केलं आहे, नवजात बाळांची तपासणी आणि हायड्रॉक्सियुरिया औषधाच्या कमी डोसचा मुलांवरचा अभ्यास धरून. चंद्रपुरात आयसीएमआरचं याच आजारासाठी केंद्र आहे. १ जुलै २०२३ ला शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचं उद्दिष्ट २०४७ चं आहे आणि सात कोटी लोकांच्या तपासणीचं आहे.

विदर्भात हा आजार आदिवासी आणि बौद्ध समाजात जास्त आढळतो, म्हणून आपल्याकडे "तो आपला आजार नाही" असं म्हटलं जातं. हा समज धोक्याचा आहे. जनुक जात-धर्म विचारत नाही. हिशेब सोपा आहे. एएस पॅटर्न म्हणजे वाहक, त्याला सहसा त्रास नसतो. नवरा-बायको दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. एक बाळ चांगलं निघालं म्हणून पुढचं चांगलंच निघेल असं नाही. थॅलेसेमियाचंही गणित हेच.

आपल्यात चुलत, मामे, खालाजाद भावंडांत निकाह होतात. शरीयतमध्ये त्याला मनाई नाही आणि आम्ही त्यावर फतवा द्यायला बसलेलो नाही. पण एकाच खानदानात एकच लपलेलं जनुक दोघांकडे असण्याची शक्यता जास्त असते, हे विज्ञान सांगतं. म्हणून मंगनीच्या आधी दोघांचं रक्त तपासून घ्यावं. साध्या सोल्युबिलिटी चाचणीत सिकल आहे की नाही ते कळतं. वाहक की रोगी हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी सांगतं, आणि थॅलेसेमियाचा वाहकही त्यातच सापडतो. सरकारी दवाखान्यात विचारा. यात रिश्ता तोडायचा मुद्दा नाही, डोळे उघडे ठेवून जोडायचा आहे.

समता म्हणजे सगळ्यांना सारखं नव्हे

आरोग्य-समता हा शब्द हल्ली कानावर पडतो. सगळ्यांना एकच फॉर्म देणं ही समानता. ज्याला वाचता येत नाही त्याला तो त्याच्या भाषेत समजावून सांगणं ही समता. ओपीडी सकाळी आहे आणि रोजीवर जाणाऱ्याची मजुरी बुडते, तर सेवा फुकट असूनही त्याच्यासाठी ती फुकट नाही. हे अडथळे मोजण्याचं कामही संशोधनच करतं.

आपल्या समाजाबद्दलचं एक संशोधन प्रत्येकानं वाचायला हवं. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात एक चकित करणारी गोष्ट नोंदवली गेली. गरिबी आणि कमी शिक्षण असूनही मुस्लिम घरांतली लहान मुलं जगण्याचं प्रमाण सरासरीपेक्षा चांगलं होतं. अर्थशास्त्रज्ञांनी त्याला कोडं म्हटलं. जेरुसो आणि स्पिअर्स या दोघांनी कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची आकडेवारी तपासून त्याचं उत्तर शोधलं, ते २०१८ साली छापून आलं. मुस्लिम आणि हिंदू घरांतल्या बालमृत्यूंत सुमारे १८ टक्क्यांचा फरक होता, आणि त्याचं मुख्य कारण शौचालयाचा वापर निघालं. मुस्लिम कुटुंबं उघड्यावर कमी जात, आणि त्यांच्या शेजारची घरंही बहुधा मुस्लिमच असत.

यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. त्या अभ्यासाचा खरा धडा वेगळा आहे. बाळाचा जीव केवळ आपल्या घरच्या संडासानं वाचत नाही, शेजाऱ्याच्याही संडासानं वाचतो. मुस्लिम वस्तीत राहणाऱ्या हिंदू बाळालाही त्याचा फायदा होतो आणि घाणीच्या वस्तीत राहणाऱ्या मुस्लिम बाळाचंही नुकसान होतं. नाली तुंबली असेल तर ती पूर्ण गल्लीची तुंबलेली असते. आपल्या शहरातली नीरी ही संस्था १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या संशोधनासाठीच सुरू झाली होती. पाणी आणि मैला हा आरोग्याचा पाया आहे, हे तेव्हाही माहीत होतं.

आणि सच्चर अहवालातली दुसरी बाजूही पाहा. मुलं जगण्यात जी आघाडी दिसली ती पोषणात दिसली नाही. मूल जगलं, पण वजन-उंचीत मागं राहिलं, तर ते वर्गातही मागं राहतं. इथं सेहत आणि तालीम एकमेकांना भेटतात.

रमजानचा प्रश्न कुणी विचारला?

प्रश्न आपले असतील तर ते विचारणारंही कुणी हवं. मधुमेह असलेल्यांनी रोजा ठेवला तर काय होतं? २००१ साली १३ देशांतल्या १२ हजारांवर मधुमेही मुस्लिमांचा अभ्यास झाला, त्याचं नाव 'एपिडियार'. २००४ साली तो प्रसिद्ध झाला. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णांपैकी ७९ टक्के लोक किमान पंधरा रोजे ठेवत होते, आणि साखर धोकादायकरीत्या उतरण्याच्या घटना रमजानात सुमारे साडेसात पट वाढल्या. त्यानंतर रमजानाआधी डॉक्टरांना भेटून औषधाची वेळ आणि डोस बदलून घेण्याचा सल्ला जगभर दिला जाऊ लागला. अब्बांना साखर असेल तर शाबानमध्येच डॉक्टरकडे न्या, पहिल्या रोज्याची वाट पाहू नका. आपल्या लोकांनी माहिती दिली म्हणून हा सल्ला तयार झाला.

शाळा, गोळी आणि लस

सहावी ते बारावीच्या मुलामुलींना शाळेत आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची निळी गोळी मिळते. जंताची गोळी वर्षातून दोनदा. आम्ही शिक्षक ती वाटतो आणि घरून येणारे प्रश्नही आम्हीच ऐकतो. गोळी जेवणानंतर घ्यायची, सोबत चहा नको. मळमळ झाली किंवा शौचाला काळं झालं तर घाबरायचं कारण नाही. रमजानात ती घरी न्या आणि इफ्तारनंतरच्या जेवणावर घ्या, पण बंद करू नका.

लसीबद्दल अफवा येतात. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला आणि लहान मुलं दगावली. लस चुकलेली मुलं त्यात मोठ्या संख्येनं होती. दुसरीकडे पोलिओची गोष्ट आठवा. अलीगढ, जामिया मिल्लिया आणि हमदर्द या विद्यापीठांनी आणि मशिदींच्या इमामांनी साथ दिली. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. जिथं कुणी समजावून सांगितलं तिथं दारं उघडली.

मात्र भीतीला काही खरी कारणंही आहेत, ती नाकारून चालणार नाही. २००९ साली आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. काही मुली दगावल्या, २०१० मध्ये प्रकल्प थांबवला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही, पण सहमतीत मोठे दोष निघाले. अनेक फॉर्मवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. आमच्या पेशातल्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं: शिक्षक हा मुलांचा वली नाही. संशोधनाच्या कागदावर सही पालकांची.

सही करण्याआधी हे पाहा

नवीन औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नियम लागू आहेत, आणि माणसांवरच्या सर्व संशोधनाला आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं. त्यातून आपल्याला मिळणारे हक्क असे:

१. माहितीपत्रक आपल्याला समजणाऱ्या भाषेत हवं. मराठी, हिंदी, उर्दू, जी आपली असेल ती मागा. घरी नेऊन वाचायला, कुणाला दाखवायला वेळ मागा.

२. वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. तो आपल्या घरचा शिकलेला मुलगा किंवा मुलगी असला तर उत्तम.

३. हा इलाज आहे की संशोधन, औषध न मिळणाऱ्या गटात आपण जाऊ शकतो का, धोका काय, हे थेट विचारा.

४. "नाही" म्हणता येतं, आणि मधूनच बाहेरही पडता येतं. त्यामुळे नेहमीचा इलाज थांबवता येत नाही.

५. चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार, आणि इजा चाचणीमुळेच असेल तर भरपाई. हे कागदावर लिहिलेलं असतं, शोधा.

६. फॉर्मवर नैतिकता समितीचं नाव आणि संपर्क असतो. तक्रार तिथं करायची. चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांकही विचारा. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि इंटरनेटवर कुणालाही पाहता येते.

७. मूल सात वर्षांच्या वर असेल तर पालकांच्या सहीसोबत मुलाचीही राजी विचारली पाहिजे. बारा वर्षांपुढे ती लेखी.

८. सही केलेल्या कागदाची प्रत आपल्याकडे हवी. ती रेशनकार्डासारखी जपून ठेवा.

हे आठ मुद्दे पाहून मन राजी झालं तर बेशक सामील व्हा. आपल्या बायका, आपली मुलं अभ्यासात नसतील तर औषधाचा डोस दुसऱ्यांच्या अंगावर ठरेल आणि आपल्यावर नुसता लागू होईल.

आपली मुलं संशोधक कशी होतील

घरात हुशार मूल असलं की "डॉक्टर हो" एवढंच सांगितलं जातं, आणि नीटमध्ये नंबर नाही लागला की सगळं संपलं असं वाटतं. तसं नाही. बीयूएमएस, बीएससी नर्सिंग, फार्मसी, मायक्रोबायोलॉजी, संख्याशास्त्र, समाजकार्य, या सगळ्या वाटा आरोग्य-संशोधनात जातात. कुठल्याही मोठ्या चाचणीत डॉक्टरांइतकीच आकडे सांभाळणारी आणि घरोघरी जाऊन बोलणारी माणसं लागतात. उर्दू-मराठी दोन्ही येणारी मुलगी अशा टीममध्ये सोन्याच्या मोलाची असते.

एमबीबीएस, बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची अल्पकालीन शिष्यवृत्ती आहे, शिकतानाच छोटं संशोधन करायला. युनानीवाल्यांसाठी १९७८ पासून केंद्रीय युनानी संशोधन परिषद आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक्रम आहेत. पीएचडीसाठी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, आपलं नागपूर विद्यापीठ आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली, त्याचं नुकसान आपल्या मुलांना झालं हे खरं. पण नेट-जेआरएफची फेलोशिप सगळ्यांना खुली आहे आणि ती गुणांवर मिळते. तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासून करायला हवी, शेवटच्या वर्षी नाही.

आणि सुरुवात त्याहून आधी करता येते. आठवीच्या मुलाला गल्लीतल्या दहा घरांत पाणी किती वेळ येतं ते लिहून आणायला सांगा. त्याचा तक्ता करायला लावा. कुठल्या घरात उलट्या-जुलाब जास्त, ते शेजारी लिहायला लावा. हेच संशोधन आहे, पैसा लागत नाही.

जुम्म्याला मशिदीत, बचत गटाच्या बैठकीत, शाळेच्या पालकसभेत वरचे आठ मुद्दे वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते ऐकून पाठ होतील. अल्लाह आपल्या घरांना सेहतही देवो आणि इल्मही.